आईच्या नावावर तेहतीस गुंठे

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, आईचा फोन आला. आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त घरामागच्या टेकावर, फणसाच्या बुडाशी. एवढं चढून जायचं म्हणून ती उगाच फोन करत नाही. म्हणाली, "सगळ्यांच्या मोबाईलवर दुष्काळाचं पैसे आल्याचं मेसेज याल्यात. आपल्याला काय आलं न्हाय. तुझ्या बाच्या खात्यावर गेलं असतील काय ग?"

वडील २०२१ च्या मे महिन्यात गेले, दुसऱ्या लाटेत. त्यांच्या खात्यावर काही गेलं नव्हतं, जाणारही नव्हतं.

गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मी लग्नानंतर बेळगावात, वडगावला राहते, एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर लोकांचे उतारे, आधारकार्डं, पासबुकं हाताळते. आणि माझ्याच आईच्या शेताचे कागद मी वडील गेल्यापासून एकदाही उघडून बघितले नव्हते. भाऊ गोव्यात असतो, वर्कशॉपमध्ये. त्याला वाटत होतं मी बघत असेन, मला वाटत होतं तो बघत असेल. त्या फोनपासून आईच्या खात्यावर शेतकरी म्हणून पहिले दोन हजार पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्यातलं मला जे कळलं ते लिहिते आहे. आमच्या भागात अशी घरं गल्लीगल्लीला आहेत.

२०२३ साली पाऊस असा हुकला की राज्यातले २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात खानापूरसारखा पावसाचा तालुकाही आला. भात पोसवायच्या वेळी खाचरात भेगा होत्या. राज्य सरकारनं पहिला हप्ता म्हणून २००० रुपयांपर्यंत मदत थेट खात्यावर सोडली. ही मदत कुणाला गेली? ज्याच्याकडे एफआयडी होता त्याला. कर्नाटकात 'फ्रूट्स' नावाची नोंदणी आहे. शेतकऱ्याचा आधार, जमिनीचा उतारा, बँक खातं हे सगळं एका क्रमांकाला जोडतात, तो एफआयडी. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातलं सवलतीचं बियाणं, सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळं आता या एका क्रमांकावर टांगलेलं आहे. त्यामागचा विचार चांगला आहे, हे मी मनापासून म्हणते. पूर्वी याद्या हातानं व्हायच्या, आणि कुणाचं नाव घालायचं, कुणाचं गाळायचं हे गावातलं वजन ठरवायचं. पण हा क्रमांक मिळायला उताऱ्यावर नाव लागतं.

आईला राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे, घरच्या प्रमुख बाईला मिळणारे महिन्याचे दोन हजार मात्र २०२३ पासून सुरळीत येत होते. त्यासाठी रेशनकार्ड बघितलं जातं, आणि वडील गेल्यावर कार्डावर घरची प्रमुख म्हणून तिचंच नाव आलं होतं. म्हणजे एकच बाई, एकच आधार, एकच खातं. घर चालवणारी म्हणून ती सरकारला दिसत होती, शेत करणारी म्हणून दिसत नव्हती. पेरणी, रोप लागवड, भांगलण, सुगी, सगळं करूनही.

मी ऑफिसातून उतारा काढला. वडिलांचं नाव त्यावर असेल, ते कमी करून आईचं लावायचं, एवढंच काम, असं मला वाटत होतं. उताऱ्यावर वडिलांचं नाव नव्हतंच. आजोबांचं होतं. आजोबा १९९७ साली वारले. २००० साली 'भूमी' योजनेत कर्नाटकातले हातानं लिहिलेले उतारे संगणकात गेले, आणि त्या वेळच्या वहीत जे होतं तेच आत गेलं. वडील धरून तीन भाऊ, गुण्यागोविंदानं वाटून खाणारे. बांध घातले, आपापला तुकडा केला. कागदाला हात लावायची गरज कुणाला पडली नाही. आता थोरले चुलतेही नाहीत. २ एकर १९ गुंठ्यांवर एका माणसाचं नाव, आणि ते नावही आधारकार्डाच्या काळाच्या आधीचं, गावात हाक मारायचे तसं तोडकं.

घरच्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद होते. काही मोडीत, काही बाळबोध मराठीत, मुंबई राज्यातले. १९५६ नंतरचे कन्नडमध्ये. मला मोडी येत नाही. मराठीतल्या एका पावतीवर पणजीचं नाव होतं आणि पुढं 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. आजच्या कन्नड उताऱ्यावरही बाईच्या नावापुढं 'कोम' येतं आणि पुरुषाच्या नावापुढं 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. लिपी बदलली, राज्य बदललं, हे दोन शब्द मात्र तसेच राहिले. आई मराठी चौथी शिकली आहे. बाजारापुरतं कन्नड ती फाडफाड बोलते, पण वाचता येत नाही. स्वतःच्या शेताचा कागद हातात धरून ती विचारते, "ह्यात आपलं नाव कुठं हाय, बोट ठेवून दाव." तिच्या पिढीतल्या आमच्याकडच्या बहुतेक बायकांचं असंच आहे.

आधी आजोबांची वंशावळ. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत. मृत्यूचे दाखले तीन लागले, त्यातला आजोबांचा मिळायला दोन महिने गेले, कारण १९९७ ला गावात गेलेल्या माणसाची नोंद कुणी केली होती की नाही, तिथूनच सुरुवात होती. त्या फेऱ्यांचं सगळं सांगत नाही. कचेरीबाहेर एक जण भेटला, म्हणाला आठ हजार द्या, महिन्यात हातात उतारा. आईनं माझ्याकडे बघितलं. ते पैसे तिच्याकडे नव्हते, आणि असते तरी मी देऊ दिले नसते. पण घरी रोजगारावर जाणारी एकटी बाई असेल आणि सोबत वाचणारं कुणी नसेल तर ती देते. कर्ज काढून देते. मी अशा दोघींना ओळखते.

वंशावळीत तीन भावांची घरं आली आणि दोन आत्या आल्या. धाकटी आत्या खानापुरातच असते. थोरली चंदगड तालुक्यात दिली, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्यात आणि तिच्यात शिनोळीची हद्द आहे. लग्नकार्याला, यात्रेला कुणी ती हद्द मोजत नाही. पण कागदावर ती दुसऱ्या राज्यातली.

कायद्यानं मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. २००५ ची केंद्राची दुरुस्ती सगळ्यांना माहीत असते, पण कर्नाटकानं ती आधीच, १९९४ साली केली होती. वारसा लावायचा तर दोन्ही आत्यांची नावं येणार, ती यायलाच हवीत. अडचण पुढं होती. पाच घरांची नावं एका उताऱ्यावर सामाईक चढली की कोण किती गुंठे करतं ते कागदावर उमटत नाही. आई जो ३३ गुंठ्यांचा तुकडा प्रत्यक्षात करते, तो कागदावर पाचात आणि मग पुन्हा आमच्या तिघांत वाटला जाऊन तिच्यापुढं मूठभर उरणार. मदत आणि विमा कागदावरच्या क्षेत्राला मिळतो. सगळ्यांनी सांगितलं, आत्यांकडून हक्कसोड पत्र करून घ्या, म्हणजे सरळ होईल.

थोरल्या आत्याला मीच फोन केला. काय बोलावं हे ठरवायला मला दोन दिवस लागले. ती सत्तरीची आहे. मे महिन्यात, उन्हाच्या आधी म्हणून पहाटेच्या एसटीनं निघाली. महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धं तिकीट. बेळगावला उतरून आम्ही तिघी कर्नाटकाच्या बसमध्ये बसलो. आई आणि मी कर्नाटकातल्या बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेतल्या, आमच्या हातात शून्याची तिकिटं. आत्याचं आधार महाराष्ट्राचं, तिनं पूर्ण पैसे दिले. मी देते म्हटलं तर हात धरला माझा. म्हणाली, "माहेराला चाललोय ग, तिकीट माझं मीच काढतो." आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात.

रजिस्ट्रारसमोर बसायच्या आधी लिहिणाऱ्यानं मजकूर वाचून दाखवला, कन्नडमध्ये, मग मोडक्या मराठीत. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. अंगठा ठेवायच्या आधी ती थांबली आणि मला म्हणाली, "जमीन मला नकोच हाय. चार पोती भात नेऊन मी काय करू. पण नाव ऱ्हायलं असतं तर बरं होतं. बाच्या नावाखाली आपलं एक नाव." मग तिनं अंगठा दिला. धाकटीनं सही केली, काहीच बोलली नाही.

मला त्या दिवशी रात्री झोप आली नाही, आणि अजूनही या गोष्टीवर माझं मन शांत नाही. आईला आयडी मिळावा म्हणून दोन बायकांची नावं आजोबांच्या जमिनीतून गेली. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पण ही वाट सोपी आणि दुसरी अवघड, असं असलं की माणसं सोप्या वाटेनंच जातात, आणि सोपी वाट प्रत्येक वेळी लेकींच्या नावावरूनच जाते. कोण किती करतं आणि कुणाचा हक्क किती, या दोन वेगळ्या गोष्टी उताऱ्यावर वेगवेगळ्या मांडता आल्या असत्या, तर आत्याचं नाव ठेवूनही आईला तिच्या तुकड्याचं काम करता आलं असतं. मी आणि भावानंही आमचा हक्क आईच्या नावे सोडला. ते मला जड गेलं नाही, ते आईचं आहे. आत्याचं मात्र राहून गेलं.

पुढचं लवकर सांगते. तलाठी येऊन गेले, जबाब झाले, हरकतीची मुदत झाली, ऑगस्टमध्ये नोंद पडली. नव्या उताऱ्यावर ३३ गुंठ्यांसमोर आईचं नाव आलं. मी तिला बोट ठेवून दाखवलं. तिनं कागद कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मला तो परत मागून घ्यावा लागला, झेरॉक्स काढायची होती.

एफआयडीला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर लागतो. आईच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला होता. ते गेल्यावर सिम बंद पडलं, तो नंबर आता दुसऱ्या कुणाकडे आहे. म्हणजे आईचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार. पोस्टात जाऊन नंबर बदलायचा, तेव्हा ५० रुपये फी होती. तिथं बोटं घेतात. आईची बोटं उठेनात. चाळीस वर्षं चिखल, विळा, दगड, रताळ्याची माती. बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झाल्यात. पोस्टातला पोरगा चांगला होता. ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी करून, एकेक बोट करत अर्धा तास बसला. आई सारखी म्हणत होती, "माफ करा हां बाळा." मला वाईट वाटलं ते त्याचंच. काम करून झिजलेल्या हातांबद्दल तिनं माफी मागावी!

खताच्या दुकानातही तेच. २०१८ पासून युरिया अंगठ्याच्या यंत्रावर मिळतो. ४५ किलोची २६६ रुपयांची गोणी घ्यायला ती दुकानात जाते, अंगठा उठत नाही, मग शेजारच्या कुणाच्या तरी अंगठ्यावर घेऊन येते. यंत्रात त्या शेजाऱ्यानं खत घेतल्याची नोंद राहते. पीएम किसानच्या केवायसीला २०२३ पासून चेहरा दाखवायची सोय झाली, ती मात्र खरंच कामाला आली. जांबोटीला जाऊन, रेंजमध्ये उभं राहून, तिनं फोनकडे बघून डोळे मिटले-उघडले आणि झालं. पीएम किसानला जमीन २०१९ च्या १ फेब्रुवारीपर्यंत नावावर झालेली असावी अशी अट आहे, पण मालक वारल्यावर वारशानं आलेल्या जमिनीला ती लागत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं. अनेकांना तुम्ही बसत नाही म्हणून परत पाठवलं जातं. पती गेल्यावर जमीन नावावर आलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.

ऑक्टोबरमध्ये आयडी मिळाला. २०२४ च्या खरिपाचा विमा भरायची मुदत तोवर उलटून गेली होती.

या मधल्या काळात घर कशावर चाललं तेही सांगायला हवं. वडील होते तेव्हा सोसायटीचं पीककर्ज मिळायचं, चुलत्यांच्या ओळखीनं. कर्नाटकात सहकारी सोसायटीतून पाच लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्के व्याजानं मिळतं. ते गेल्यावर आईला ते दार बंद झालं, कारण उतारा नाही, आयडी नाही. मग तिनं गल्लीतल्या बायकांच्या गटातून एका फायनान्सचं कर्ज घेतलं, तीस हजार. आठवड्याला हप्ता. पाऊस असो, ताप असो, हप्त्याच्या सकाळी पैसे हातात पाहिजेत, नाहीतर गटातल्या बाकीच्या बायका दारात येतात. त्या हप्त्यासाठी ती स्वतःच्या शेतातली भांगलण ठेवून दुसऱ्याच्या बांधावर ३०० रुपये हजेरीनं गेली. त्या वर्षी आमच्या खाचरात तण माजलं आणि दोन पोती भात कमी आलं. गरिबीचं कोडं असं बारीक असतं. कागदावर नाव नाही म्हणून स्वस्त कर्ज नाही, स्वस्त कर्ज नाही म्हणून महाग कर्ज, महाग कर्ज फेडायला परक्याची मजुरी, आणि मजुरीमुळं आपलं पीक मागं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त उत्पादन घटलेलं दिसतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा स्वतः पीक नोंदवलं. कर्नाटकात याला 'बेळे समीक्षे' म्हणतात. आधी गावातली नेमलेली पोरं फिरून नोंद करायची. २०२० पासून शेतकऱ्याला स्वतःच्या फोनवरूनही करता येतं. भावानं गोव्याहून आपला जुना स्मार्टफोन आईला दिला होता. माझी मुलगी नववीत आहे, तिला कन्नड चांगलं वाचता येतं. शाळेत शिकलेलं कन्नड आजीच्या शेतात असं कामाला येईल हे तिच्याही डोक्यात नव्हतं.

आधी 'बेळे दर्शक' उघडून मागच्या नोंदी बघितल्या. २०२३ च्या खरिपात आमच्या तुकड्यासमोर लिहिलं होतं, 'बीळु'. मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि आईला कन्नड समजत असल्यामुळं अर्थ तिलाच आधी कळला. बीळु म्हणजे पड. दुष्काळाच्या साली, जेव्हा तिनं कळशीनं पाणी घालून रोप वाचवलं होतं, तेव्हा तिचं रान कागदावर पडीक होतं. तुकडा रस्त्यापासून आत आहे, मधे ओढा आहे. कुणीतरी लांबूनच फोटो काढला असणार. म्हणजे त्या जानेवारीत तिच्याकडे आयडी असता, तरी ती नोंद तशी असताना मदत यायची कशी? ती बराच वेळ मेरेवर बसून होती. "पड?" एवढंच दोनदा म्हणाली. त्या नोंदीवर हरकत घ्यायची मुदत केव्हाच गेली होती.

नोंदीची रीत अशी. जांबोटीला रेंजमध्ये उभं राहून सर्व्हे नंबरचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा. मग शेतात यायचं. तुम्ही खरंच त्या तुकड्यात उभे आहात हे फोन उपग्रहावरून ताडून बघतो, त्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. आमच्या मेरेवर फणस आणि काजू आहेत, वर ढग दाटलेले. टिंब हलत राहिलं, कधी ओढ्यात, कधी चुलत्यांच्या खाचरात. आम्ही तिघी इरलं आणि छत्री सांभाळत चिखलातून खाचराच्या मधोमध गेलो. तिथं ते थांबलं. पिकाची यादी उघडली. मुलगी वाचत गेली, "भत्त."

"भत्त म्हंजे भातच की," आई म्हणाली. "दाब."

वरच्या माळाच्या पट्टीला रताळी होती, ती 'गेणसु'. मेरेवरचे काजू 'गोडंबी'. एकेका पिकाचं क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलं, फोटो काढले. आईनं स्वतः काढले. पहिल्या फोटोत तिचा अंगठाच आला, दुसरा नीट निघाला. इंद्रायणी भाताचं हिरवंगार रोप, मागं ढगात गेलेला डोंगर. संध्याकाळी टेकावर जाऊन फणसाखाली उभं राहून ते पाठवले. चौथ्या खेपेला गेले.

त्या दिवशी आई जेवताना खुशीत होती. आपल्या रानात काय आहे हे पहिल्यांदा तिनं स्वतः सरकारला सांगितलं होतं, मधे कुणी नव्हतं. म्हणून मी कुणी ही ॲप बंद करा म्हटलं की सहमत होत नाही. चुकीची नोंद फोटोसकट उघडी दिसते आणि ती खोडायची वाट असते, ही गोष्ट आजोबांच्या काळात नव्हती. पण यादी मराठीतही दिसायला काय हरकत आहे? पलीकडं चंदगडला आत्याचा नातू ई-पीक पाहणी मराठीत करतो. दोन टेकड्यांच्या अंतरावर. इकडच्या पोरांनी कन्नड शिकावं, ती शिकतातच. साठीतल्या बाईनं मात्र रोप लावायच्या हंगामात आधी लिपी शिकायची का?

२०२५ ला विमाही भरला. खरिपातल्या भाताला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता. यातही एक गोष्ट गावात कुणी नीट सांगत नाही. हा विमा तुमच्या एकट्याच्या खाचराचा नसतो. ठरवून दिलेल्या गावांत ५ बाय ५ मीटरचे तुकडे कापून मळतात, त्यावरून त्या भागाचं सरासरी उत्पन्न काढतात, आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तरच सगळ्यांना भरपाई मिळते. एकट्याचं नुकसान गारपीट, दरड अशा काही कारणांनीच धरतात, आणि तेही ७२ तासांत कळवलं तर. भात पाण्याखाली जाणं २०१८ पासून त्यातून काढून टाकलेलं होतं. आमच्याकडं तर भाताचं मुख्य नुकसान दोनच गोष्टींनी होतं, ओढा फुगून आणि गवे-डुकरं घुसून. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून भाताचं बुडणं आणि रानटी जनावरांनी केलेलं नुकसान दोन्ही विम्यात धरणार. बातमी वाचून मी आईला लगेच सांगितलं. तिनं विचारलं, कसं कळवायचं? फोनवरून, जागेवरचा फोटो काढून, ७२ तासांत. ती म्हणाली, "ओढा चढला की टेकाकडं जायाची वाटच बंद होते ग. पानी उतरायला चार दिवस लागत्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२ ऑगस्ट २०२५ ला पीएम किसानचा हप्ता सुटला, आईच्या खात्यावर पहिले २००० पडले. तिनं त्यातून फायनान्सचा राहिलेला हप्ता भरला. या हंगामात सोसायटीकडं पीककर्जाचा अर्जही दिला आहे, तो मंजूर झाला की गटातून बाहेर पडायचं तिनं ठरवलंय. खर्चाचा हिशेब मी पतसंस्थेतल्या सवयीनं लिहून ठेवला. आईच्या १४ दिवसांच्या बुडालेल्या हजेऱ्या, म्हणजे ४२००. दस्त, लिहिणावळ, झेरॉक्स, आत्याची तिकिटं, माझ्या रजा धरून सगळं मिळून साडेसात हजारांच्या वर. कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला आपत्ती मदतीचा केंद्राचा दर २०२५ साली हेक्टरी ८५०० होता. तिच्या ३३ गुंठ्यांना पूर्ण मिळाली तरी २८०० च्या आसपास. पीएम किसानचे वर्षाचे ६००० धरले तर सव्वा-दीड वर्षात केलेला खर्च निघतो. पतसंस्थेत काम करणारी लेक आणि कन्नड वाचणारी नात असलेल्या बाईचा हा हिशेब आहे.

आमच्या बाजूच्या खाचरात एक काकी राबतात. आईच्या वयाच्या, त्याही एकट्या. त्यांची स्वतःची जमीन नाही. पुण्याला असलेल्या एका घरचं शेत त्या वीस वर्षं वाट्यानं लावतात, निम्मं भात मालकाला, निम्मं त्यांना. बी, खत, मजुरी सगळी काकींची. आम्ही नोंद करत होतो तेव्हा त्या मेरेवर येऊन उभ्या राहिल्या आणि मुलीला म्हणाल्या, "बाळा, माझ्या भाताचा बी काढ की फोटो."

मुलीनं काढला असता. पण त्या सर्व्हे नंबरची नोंद केली तरी ती मालकाच्या आयडीला लागते. नुकसान झालं तर मदत पुण्याच्या खात्यावर, विमाही मालकानं भरला तरच आणि त्याच्याच नावे. कुळाला विमा भरायचा तर भाडेकरार लागतो. कर्नाटकात १९७४ पासून शेतजमीन अशी कसायला देण्याला कायद्यानं बंदी आहे, सैनिकांसारखे काही अपवाद सोडले तर. तो कायदा कुळांना मालक करण्यासाठी आला आणि त्यानं अनेकांना जमीन मिळाली, हे खरं. पण त्याच भीतीनं आज कुठलाही मालक चिठ्ठीसुद्धा लिहून देत नाही. सगळं तोंडी. म्हणून गावातली सगळ्यात गरीब शेतकरीण कुठल्याही यादीत नाही, आणि नाव दुरुस्त करायला तिच्याकडे उताराच नाही. आईचं काम कागदांनी झालं, काकींचं कागदांनी होण्यासारखं नाही.

मी पुण्याला फोन केला होता. मालक सभ्य आहेत, माझं ऐकून घेतलं. मी म्हटलं, करार नको, निदान विमा तुम्ही भरा, हप्ता काकी देतील, आणि भरपाई आली तर जिचं पीक बुडालं तिला द्या, एवढं चार माणसांसमोर बोला. ते म्हणाले, सुगी होऊ दे, बघू. सुगी झाली, ते आले, आपली पोती घेऊन गेले. तो विषय निघाला नाही. काकींनी काढला नाही, कारण शेत काढून घेतलं तर जायचं कुठं.

येत्या गणपतीला ते गावी येणार आहेत. आई म्हणाली, आपण दोघी काकीला घेऊन जाऊ या, मी बोलतो. मी रजा टाकून ठेवली आहे.